गावंड्यांच्या घरचा शिक्का

आमच्या घरी कुजबूज नावाचा प्रकार नाही. वणीहून लग्न होऊन मी कळंब तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, ही माणसं सतत भांडतात. सासरे जेवताना मीठ मागायचे तेही असं, की शेजारणीनंच आणून द्यावं. मग कळलं, गावंड्यांच्या घरी चाळिशी आली की कान जातात. माझे सासरे विठ्ठलराव जवळजवळ ठार बहिरे. त्यांचे वडीलही तसेच होते म्हणे. माझा नवरा दिवाकर पस्तिशीतच माझं अर्धं बोलणं ऐकत नव्हता, पण तो नवरेपणाचा भाग असेल असं मी धरून चालले होते.

दुसरी गोष्ट चट्ट्यांची. गार वारा लागला, पहाटेचं दव अंगावर पडलं, उन्हाळ्यात कोणाच्या घरी कूलरसमोर बसलं, की थोड्या वेळात यांच्या अंगावर लाल चट्टे उठतात. संध्याकाळी कणकण येते, डोळे लाल होतात, गुडघे धरतात. मग घोंगडी पांघरून पडायचं आणि सकाळी उठून कामाला लागायचं. दुसऱ्या एखाद्या घरानं याला आजार म्हटलं असतं. गावंडे याला शिक्का म्हणतात. घराचा शिक्का. आणि त्याचा त्यांना कोण तोरा!

तोरा इतका, की त्यांनी त्याचा विधीच करून ठेवलाय. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. शेतात पऱ्हाटीच्या झाडापाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग बोंडाला हात लावायचा. गावंडे त्या दिवशी घरातलं नवं लेकरूही पहाटेच्या थंडीत शेतात नेतात, त्याचं झबलं काढतात आणि सगळे त्याच्या अंगाकडे बघत उभे राहतात. चट्टे उठले की बाया ओरडतात, "आपलंच हाय!" आणि गूळ वाटतात. माझी सोनू तान्ही होती तेव्हा थंडीनं रडून रडून लाल झाली, चट्टे उठले, आणि विठ्ठलरावांनी तिला आपल्या धोतरात गुंडाळून छातीशी धरलं. मला भयंकर राग आला होता. खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. पोरगी झाली म्हणून ज्या बायकांनी तोंडं पाडली होती, त्यांची तोंडं त्या गुळानं बंद झाली.

तेव्हापासून आजोबा-नातीची जोडी. शेतात, बाजारात, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला, ती त्यांच्या खांद्यावर नाहीतर बोटाला. ते काय बोलतात ते गावाला ऐकू यायचं आणि ती काय बोलते ते त्यांना ऐकू येत नसे, तरी दोघांच्या गप्पा संपत नसत.

सोनू तिसरीत गेली ते साल कापसाचं वाईट होतं. म्हणजे तेव्हाची सगळीच सालं वाईट होती. भाव पडलेला, बियाणं फसवं, आणि गावात रोज कोणाची ना कोणाची जीप. पत्रकार यायचे, पुढारी यायचे, सर्वेवाले यायचे. 'तुम्हाला शेती किती' या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावातली माणसं झोपेतही देत.

त्या आश्विनात पोरींची भुलाबाई बसली होती. रोज एकीच्या घरी गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. घरची बाई बंद डबा हातात देते, तो कानाशी हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं आत काय आहे. सोनू यात पटाईत. फुटाणे कोणते, शेंगदाणे कोणते, खोबऱ्याचे तुकडे कोणते, हे ती एका हलवण्यात सांगायची. इतर पोरी तिच्यावर चिडायच्या. त्या दिवशी आमच्या घरी भुलाबाई होती. मी डब्यात मुरमुरे भरले होते. सोनूनं डबा हलवला, पुन्हा हलवला, दुसऱ्या कानाशी नेला.

"आई, डबा तं खाली हाय," ती म्हणाली.

पोरी खदखदून हसल्या. त्यांना मुरमुऱ्यांची सळसळ लांबून ऐकू येत होती. मला हसू आलं नाही. चाळिशीची गोष्ट माझ्या पोरीला एवढ्यात कशी गाठायला आली?

यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासणी केली. मग घरातल्या सगळ्यांचं विचारलं, चट्ट्यांचं ऐकलं आणि एकदम खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या ओळखीत यवतमाळच्याच एका वकिलांची मुलगी होती, डॉक्टर सुमेधा. ती पुण्याला संशोधन करायची, आणि तिचा विषयच असे घराण्यातून येणारे ताप. पुढच्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा भाड्याची जीप करून थेट आमच्या दारात उतरली. विठ्ठलराव ओट्यावर बसले होते. तिनं तोंड उघडायच्या आत ते ओरडले, "सात एकर! कोरडवाहू!"

सुमेधा हसली ती अशी मोकळी, की मला ती तिथंच आवडली. तिनं चटईवर मांडी घातली, चहा घेतला आणि समजावून सांगितलं.

"शेतात डुक्कर शिरलं की जागल करणारा माणूस डबे बडवतो ना? शरीरातही तसा जागल्या असतो. जखम झाली, जंतू शिरले, की तो आरडाओरडा करतो. मग सूज येते, ताप येतो, आणि माणूस बरा होतो. तुमच्या घरच्या जागल्यात जन्मापासून एक खोट आहे. शेतात काहीच नसतं. नुसती थंड झुळूक आली, तरी तो डबे बडवत सुटतो, आणि धावता धावता स्वतःचंच पीक तुडवतो. आधी कातडी, मग सांधे, मग कान. बारीक, पातळ आवाज आधी जातात. जाड, घोगरे शेवटी."

"औषध हाय?" मी विचारलं.

"आहे. नवं आहे, रोज टोचावं लागतं, आपल्याकडे मिळत नाही. पण बाहेरच्या एका संशोधनात नाव बसलं तर मुलांना फुकट मिळतं. सोनूचे कान आहेत तिथे थांबतील. कदाचित थोडे परतही येतील."

दिवाकरचं, सोनूचं आणि विठ्ठलरावांचं रक्त तिनं घेतलं. त्यासाठी मला सासऱ्यांशी भांडावं लागलं.

"हा काही रोग नाई," ते गरजले. "माह्या बापाले होता, मले हाय, दिवाकरले हाय. आम्ही काय मेलो काय?"

"मेले नाई, मामाजी, पन ऐकू तं येत नाई ना!" मी तितक्याच जोरानं ओरडले. लग्नानंतर सासऱ्यांवर आवाज चढवायची सवलत मला फक्त या घरात मिळाली, दुसरीकडे कुठे मिळाली असती?

थोड्या महिन्यांनी सुमेधा पुन्हा आली. तिघांच्याही रक्तात ती खोट सापडली होती. पण अडचण अशी, की नेमकी तशी खोट जगात कुठेही आधी कोणाला दिसलेली नव्हती. चट्टे हिच्यामुळेच उठतात हे पटवायचं, तर ज्याच्या अंगावर चट्टे उठत नाहीत अशा जवळच्या, रक्ताच्या नातेवाइकाचं रक्त हवं. त्याच्यात ती नसली पाहिजे. त्याशिवाय ते लोक नाव बसवणार नाहीत.

"असं कोणी आहे का घरात?"

दिवाकरनं आईकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, बघितलं. इंदुताईंनी जमिनीकडे. विठ्ठलरावांना प्रश्न ऐकू आला नव्हता, पण बहिऱ्या माणसाला सगळ्यांचे डोळे एकाच वेळी खाली गेलेले बरोबर दिसतात. सुमेधानं मोठ्यानं पुन्हा विचारलं तेव्हा ते उठले. "गुणवंताचं नाव या घरात काढाचं नाई," म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

गुणवंतराव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. माझ्या माहेरच्या वणीतच राहतात, कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. मी त्यांना लग्नात लांबून पाहिलं होतं. भांडण झालंय एवढंच मला ठाऊक होतं. सुमेधा गेल्यावर त्या दुपारी इंदुताईंनी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मला सगळं सांगितलं. त्या या घरात सून म्हणून आलेल्या, त्यामुळे त्यांचे कान शाबूत आणि त्यांना हळू बोलता येतं.

"माही सासू, सगुणाबाई. लय गरीब बाई. गुणवंता झाला, सीतादहीले नेला, तं पोराचं आंग कोरं. काही उठे ना. सासऱ्यानं तिथंच, चार लोकाइत सांगतलं, हे माहं नाई म्हणून."

"आत्याबाई!"

"मंग थे बाई काय करे, मालूम हाय? रोज पहाटे पोराले आंगनात उघडं घेऊन बसे. थंड पानी घाले त्याच्या आंगावर. आज उठते, उद्या उठते. मले तिनंच सांगतलं, रडून रडून. पोराले मिसरूड फुटलं तई बापाच्या टोमन्यानं थो घर सोडून गेला. याइनं, तुह्या सासऱ्यानं, मायले कधी एक शबद बोलला नाई. पन मनात हाय. याइले भेव वाट्टे, रक्त पाह्यलं, अन् त्या रक्तानं मायलेच खोटं ठरवलं तं?"

मी शेंगा तशाच ठेवून सुमेधाला फोन लावायला सरपंचाच्या घरी गेले. आणि तिनं जे सांगितलं ते ऐकून मला सासऱ्यांच्या त्या मेलेल्या बापाला उभं करून विचारावंसं वाटलं, बाबा रे, तुला एवढंही कोणी सांगितलं नाही? ही खोट बापाकडून प्रत्येक लेकराला जातेच असं नाही. छापा-काटा आहे. दर लेकरामागे नवा. एकाला मिळेल, दुसऱ्याला नाही, आणि दोघेही त्याच बापाचे.

आता हे विठ्ठलरावांना सांगायचं कसं? हळू सांगितलं तर त्यांना ऐकू येणार नाही आणि मोठ्यानं सांगितलं तर त्यांच्या आईची अब्रू गावभर. दुसऱ्या दिवशी वेचणी चालू होती. मी त्यांना बांधावर बसवलं आणि ओच्यातून रुपयाचं नाणं काढलं. उडवलं, छापा आला. मी त्यांच्या दंडावरचे चट्टे दाखवले आणि त्यांच्याकडे बोट केलं. पुन्हा उडवलं, पुन्हा छापा. पुन्हा बोट. मग काटा आला. मी माझा कोरा दंड दाखवला आणि वणीच्या दिशेला हात केला. ते बघत राहिले. नाणं माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः उडवत बसले. छापा. काटा. काटा. छापा. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा पडलेल्या नाण्यावर वाकून बघत होता, आणि मला त्यांची अशी माया आली, की सांगता येत नाही.

मग ते बोलले. त्यांच्या समजुतीनं ते हळू बोलले.

"म्हंजे माय खरी असन?"

शेतातल्या सगळ्या बाया वेचायच्या थांबल्या. रुपीबाई आमच्याकडे वर्षानुवर्षं वेचणीला येते. तिनं मुकाट्यानं आमच्याकडे पाठ केली आणि हातानं खूण करून बाकीच्यांनाही फिरवलं. मी मान हलवली. हो, असू शकते.

"अन् रक्तानं उलटं सांगतलं तं?"

तसं होणार नाही, असं खोटं बोलता आलं असतं, पण त्या माणसाशी मला खोटं बोलवेना.

तेवढ्यात सोनू शाळेतून धावत आली. आजोबांच्या गळ्यात पडली आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय शिकवलं आज? ती त्यांच्याकडे बघत होती. पण डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. पूर्वी ती अशी बघत नसे. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. विठ्ठलराव बोलता बोलता थांबले. माणसांच्या ओठांकडे बघत त्यांनी कित्येक वर्षं काढली होती, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"माय गेली," ते मला म्हणाले. "पोट्टी हाय. चाल वणीले."

वणीच्या त्या गल्लीत दारावर, तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची काळी पूड. गुणवंतराव नुकतेच फेरी करून आले होते. मोठ्या भावाला दारात बघून त्यांनी हातातला गडू खाली ठेवला. दोघांपैकी कोणी पाया पडलं नाही की गळ्यात पडलं नाही. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, खुर्च्या मांडल्या, आमच्यासोबत आलेल्या सुमेधानं आपली पिशवी मांडीवर घेतली. विठ्ठलराव बसलेच नाहीत.

"तुहं रक्त पाह्यजे," ते म्हणाले. "सोनूच्या कानासाठी."

गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. गुणवंतरावांनी सोनूकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा आवाज मात्र हळू आणि जाड, बिडी ओढणाऱ्या माणसाचा.

"सूनबाई, याच्यात हे भी कळन का, मी कोनाचा?"

"हाव, काकाजी."

मला वाटलं, नाही म्हणणार. आणि नाही म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता, हेही खरं.

"हे पाहाले मी सारी जिंदगी भ्यालो," ते म्हणाले. मग सोनूकडे वळले. "तुले खरंच ऐकू येत नाई व, माय?"

"जाड आवाज येते," सोनू म्हणाली. "तुमचा येते."

ते हसले आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली.

आता औषधाचं आधी सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहणार नाही. औषध आलं. ते गारच ठेवावं लागतं, आणि गावात वीज दिवसातून अर्धा वेळ नाही. म्हणून ते कळंबच्या एका मेडिकलवाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवायचं आणि दिवाकरनं बर्फाच्या डब्यातून आणायचं. डब्याच्या गारठ्यानं त्याच्या हातांवर चट्टे उठायचे. तो एकदाही कुरकुरला नाही, आणि त्याला ऐकू येत नाही याबद्दलचे माझे सगळे जुने राग मी तेव्हाच सोडून दिले. सोनूचे चट्टे आठवड्यात गेले. कान आहेत तिथे थांबले, मग हळूहळू थोडे सुधारले. विठ्ठलरावांचे कान गेले ते गेलेच.

पण हे सगळं नंतरचं. निकाल सांगायला सुमेधानं आम्हाला यवतमाळला तिच्या वडिलांच्या घरी बोलावलं होतं. वकिलांच्या बैठकीत लांब सोफा होता. त्याच्या एका टोकाला विठ्ठलराव बसले, दुसऱ्या टोकाला गुणवंतराव, आणि मधली जागा मोकळी. सोनू गुणवंतरावांच्या गुडघ्याला टेकून खाली बसली होती. सुमेधानं उगाच लांबण लावलं नाही.

"ती खोट यांच्यात नाही. सोनूचं काम झालं." मग ती गुणवंतरावांकडे वळली. "आणि काका, तुम्ही दोघे सख्खे भाऊ आहात. एका आईचे, एका वडिलांचे. यात तिळमात्र शंका नाही."

गुणवंतरावांनी मान खाली घातली. विठ्ठलराव माझ्याकडे बघत होते. सांगणं माझ्याच वाट्याला आलं होतं. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि ओरडले.

"मामाजी, काकाजी तुमचे सख्खे भाऊ! आजी खरी होती!"

"काय?"

"आजी खरी होती!"

"काय म्हनते?"

"खरी होती, मामाजी! खरी होती!" माझा आवाज फाटला. त्यांना पहिल्याच वेळी कळलं होतं असं मला वाटतं. त्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, आणि त्यांनी सांगितलं असतं तर मी दिवसभर ओरडत बसले असते.

मग गुणवंतराव बोलायला लागले. मान खालीच, आवाज तसाच जाड आणि हळू, जणू कोणाला सांगतच नव्हते.

"मायनं शेवटी मले बलावलं होतं. डोळ्यानं दिसे नाई तिले. माहा हात हातात घेऊन आंगठ्यानं चाचपत राहे, मनगटापासून वरपर्यंत. मले वाटे, माया करून राह्यली. थे तं चट्टे पाहे. मरतानी भी पाहे."

"काय म्हनते थो?" विठ्ठलरावांनी विचारलं.

असली गोष्ट ओरडून सांगायची कशी? दिवाकरनं तोंड फिरवलं, सुमेधा चष्मा पुसायला लागली, आणि माझा गळा तर आधीच गेला होता.

सोनू उठली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आजोबांजवळ गेली, त्यांच्या कानाभोवती दोन्ही हातांची ओंजळ केली आणि गुणवंतरावांसारखाच जाड आवाज काढून त्यांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मरताना पाहायची तेही सांगितलं.

विठ्ठलराव सोफ्यावरची मधली जागा सरकत सरकत ओलांडून भावाजवळ गेले, त्याची बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला. माझ्या सासूच्या सासूनं शेवटपर्यंत जिथे चट्टे शोधले, तिथे कातडी अगदी साफ होती.

"मायवर गेला रे तू," ते म्हणाले. "तिच्या भी आंगावर कधी काही उठलं नाई."

हे त्यांनी नेहमीच्याच आवाजात म्हटलं.